उजवीकडून बोला

चांगली वाळलेली हळद मोडली की खणकन वाजते. आत ओल राहिली असेल तर मुकाट मोडते. म्हणून वसमतच्या मोंढ्यात पोतं फोडलं की खरेदीदार आधी रंग बघतो, मग एक हळकुंड कानाशी नेऊन मोडतो आणि मगच भाव बोलतो. आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची पारख अजून डोळे, बोटं आणि कान यांच्यावरच चालते. मी तिथल्या एका आडतीत हिशेबाला आहे. बीट, म्हणजे लिलाव, सुरू झालं की वही घेऊन ढिगाजवळ उभं राहायचं, कोण काय बोलतो ते टिपायचं, शेवटचा आकडा शेतकऱ्याला विचारून पक्का करायचा. सगळं ऐकण्याचं काम.

डावा कान गेला तेव्हा सगळ्यात आधी हरवला तो 'स'. डाव्या अंगाला उभा असलेला व्यापारी 'बारा हजार सातशे' म्हणायचा आणि मला ऐकू यायचं 'आतशे'. असा आकडा काही नसतो, त्यामुळे डोकं आपणहून त्याचा 'आठशे' करून टाकायचं. मी मोठ्यानं 'आठशे' म्हटलं की व्यापारी उसळायचा. शंभर रुपये जास्तीचे ऐकू गेलेले कुठल्याच व्यापाऱ्याला चालत नाहीत.

असं का होतं ते मला पुढे नांदेडला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढणाऱ्या मुलीनं समजावलं. आ, ओ, उ हे स्वर कमी कंपनांचे. ते डोक्याला वळसा घालून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत पोचतात. स, श, फ यांची कंपनं सेकंदाला हजारांत, चार हजार, सहा हजार अशी. ती वळत नाहीत, मध्ये डोकं आलं की तिकडेच अडतात. त्यामुळे एका कानाच्या माणसाला कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. समोरच्याला वाटतं, हाक मारली तेव्हा तर वळून बघितलं, मग आता ऐकू न यायला काय झालं? मुद्दाम करतो.

झालं ते एका वरातीत. २०२३ चा डिसेंबर, लग्नाची दाट तीथ. पुढे हलगी, मागे डीजे, मध्ये नाचणारी पोरं. लेकाच्या बुटाची लेस सुटली होती म्हणून मी रस्त्याच्या कडेला वाकलो, आणि कुणीतरी पेटवून सरकवलेला सुतळी बॉम्ब माझ्या डाव्या हाताशी येऊन फुटला. फटाक्याच्या आवाजाला आपल्याकडे कायद्यानं मर्यादा आहे, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. चार मीटरवर. माझा कान हातभर अंतरावर होता. एक कळ आली आणि लगेच गेली. लेक काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. कुणी लावला ते कळलं नाही. कळून होणार तरी काय होतं, नवरदेवाची वरात कुणाच्या कानासाठी थांबत नाही.

घरी आलो तर मायनं लसूण टाकून तेल गरम करायला घेतलेलं. आमच्याकडे कानाला काहीही झालं तरी पहिला उपाय तेल, दुसरा उपायही तेलच, फक्त लसूण जास्त. बायकोनं वाटी हातातून काढून घेतली. "आधी नांदेड, मग तेल," म्हणाली. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण ते बरोबर होतं. पडदा फाटलेल्या कानात तेल, पाणी, कांद्याचा रस काहीच घालायचं नसतं. घातलेलं थेट मधल्या कानात उतरतं आणि सोबत जंतू नेतं. आठवडी बाजारात लाल टोपी घालून कान कोरणारे बसतात, त्यांच्यासमोर हल्ली मी कुणी मांडी घालताना दिसलं तरी थांबतो. ओळख नसली तरी दोन शब्द बोलतो. लोक माझ्याकडे विचित्र बघतात, बघू देत.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये कानात दुर्बीण घालून डॉक्टरांनी पडदा टीव्हीवर दाखवला. स्वतःच्या शरीराची इतकी आतली गोष्ट मी पहिल्यांदा बघत होतो. निरोगी पडदा मोत्याच्या रंगाचा, अर्धपारदर्शक, मध्ये थोडा आत ओढलेला. उंची एक सेंटिमीटरच्या आसपास, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. माझ्या पडद्यात खालच्या बाजूला भोक होतं, कडा लाल आणि दातऱ्या. पलीकडे मधल्या कानाची ओली भिंत दिसत होती. पडद्याला चिकटून तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे अंगातलं सगळ्यात लहान हाड. ही तिघं पडद्याची थरथर आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीपर्यंत, म्हणजे आतल्या शंखापर्यंत पोचवतात. माझी तिन्ही शाबूत होती.

मग त्यांनी एक चिमटा वाजवून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला. तो ट्यूनिंग फोर्क. "कुठल्या कानात ऐकू येतंय?" मी म्हणालो, डाव्या. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. फुटक्या कानात जास्त? डॉक्टर मात्र खूश झाले. हवेतून येणारा आवाज पडद्यापाशी अडतो, पण कपाळाच्या हाडातून गेलेला थेट आतल्या शंखात पोचतो, आणि अशा कानात तो उलट मोठा लागतो. याचा अर्थ बिघाडाचा मोठा भाग वाटेतला होता, मुक्कामाचा नव्हता. ते महिने मी ज्वारीची कडक भाकरी खायचो तेव्हा चावण्याचा आवाज डाव्या कानात घुमायचा, त्याचंही कारण हेच. स्वतःचं चावणं ऐकू येतं आणि शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं नाही, हे तिला पटवून देणं सोपं नव्हतं.

असं भोक बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजतं. कान कोरडा ठेवायचा, एवढंच पथ्य. माझं बुजत आलं होतं, पण जानेवारीत सर्दी झाली, कान वाहायला लागला आणि भोक आणखी मोठं झालं.

याच काळात माझ्या लक्षात आलं की आवाज कमी झाल्यापेक्षा आवाजाची जागा हरवली आहे. दोन्ही कान असतात तेव्हा उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी, पण तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. एकच कान राहिला की सगळे आवाज त्याच कानाच्या दारात येऊन उभे राहतात. घरात मोबाइल वाजायचा आणि मी उजव्या हाताच्या खोलीत शोधत फिरायचो. तो डावीकडे देव्हाऱ्याजवळ असायचा. मोंढ्याच्या फाटकात ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकला की मी जागच्या जागी थांबायचो, कारण चुकीच्या बाजूला सरकण्यापेक्षा थांबलेलं बरं. ट्रॅक्टरवाले शिव्या द्यायचे. त्या मात्र नीट ऐकू यायच्या.

आणि कानात रातकिडे. दिवसभर माणसांच्या गलक्यात कळत नसे, दिवा मालवला की डाव्या कानात किर्र सुरू. फटाक्यानं आतल्या शंखातल्या बारीक केसपेशी काही प्रमाणात जायबंदी केल्या होत्या, आणि त्या पेशी परत उगवत नाहीत. मेंदूला तिकडून निरोप येत नाही म्हणून तो स्वतःच आवाज तयार करत बसतो, असं काहीसं डॉक्टरांनी सांगितलं.

आता वसमत तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे दुखणं व्हावं यात एक वेगळी गंमत आहे. आमच्याकडे जमीनच गुडगुडते. पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात. रात्री गुडगुड झाली की माणसं लेकरं उचलून अंगणात येतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांना आठवते त्यांना तर छपराखाली झोपच लागत नाही. माझी बहीण त्याच भागात दिलेली. तिचा फोन यायचा, "दादा, आत्ता आवाज आला का रे तुमच्याकडं?" मी काय सांगणार? माझ्याकडे आवाज कायमच येत होता. तो भुईचा की कानाचा, हे ठरवायला मी बायकोला हलवून उठवायचो. ती उठली, तिनं ऐकलं, काही नाही म्हणाली, की माझा. असं दोन-तीनदा झाल्यावर तिनं सांगितलं, भूकंप झाला तरी आता मला उठवू नका.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला तो झाला. ४.५ रिश्टरचा, आणि दहाएक मिनिटांनी दुसरा ३.६ चा. मी उजवा कान उशीत खुपसून झोपलो होतो, म्हणजे माझ्यापुरती दुनिया बंद. मोठा आवाज झाला म्हणे, पत्रे थडथडले, शेजारची गाय हंबरली, गल्ली रस्त्यावर आली. मला जाग आली ती पलंगाच्या दांडीतून. जबड्यात थरथर लागली, कपाळाला तो चिमटा टेकवला होता तशी. डोळे उघडले तर बायको लेकाला बगलेत धरून दारात उभी आणि मला हातानं खुणावते आहे. तोंडानं नाही, हातानं. तिनं माझ्याशी बोलण्याची ही नवी रीत कधी सुरू केली ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

ऑपरेशन उन्हाळ्यात केलं, ऐन हळदीच्या हंगामात. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण डॉक्टर म्हणाले की हळदीच्या धुळीत उभं राहून शिंका देणार असाल तर नवा पडदा बसवण्यात अर्थ नाही. नवा पडदा म्हणजे बाहेरून आणलेलं काही नसतं. कानाच्या वर कानशिलाचा स्नायू असतो, त्यावर पातळ पांढरं आवरण असतं. त्याचा तुकडा काढतात, सपाट पसरून वाळवतात, वाळला की तो कागदासारखा कडक होतो, मग मापात कापून भोकाखाली सारतात. खालून आणि वरून विरघळणाऱ्या स्पंजाचे कण भरतात, म्हणजे तो सरकत नाही. पुढचं काम शरीर करतं, जुन्या पडद्याच्या कडा त्या तुकड्यावरून सरकत येतात.

भूल फक्त कानापुरती होती. डोक्यावर हिरवं कापड, कानात सक्शनचा घरघराट, आणि दोन डॉक्टरांचं आपसात चाललेलं बोलणं, ज्यात एकाच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीचा विषय बराच वेळ चालला. मला बरंच वाटलं. ज्याच्या डोक्यात रजिस्ट्री आहे त्याला माझ्या कानाची चिंता नसावी. मध्येच सक्शन थांबलं आणि कानाच्या अगदी आतून कुणीतरी विचारलं, "ऐकू येतंय का?" तो डावीकडून आलेला आवाज होता. कितीतरी दिवसांनी डावीकडून. मी हो म्हणालो आणि लगेच त्यांनी स्पंज भरून तो कान परत बंद केला.

नंतरचे आठवडे पथ्याचे. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, नाहीतर नाकातली हवा मागच्या नळीतून कानात चढते आणि नवा पडदा उचलते. जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला बोळा. वसमत-नांदेड रस्त्यावर मोटारसायकल नको, असं मी आपणहून ठरवलं. जिभेच्या डाव्या कडेला धातूची चव यायची, चहा प्यालो तरी. चवीची एक शिर कानातूनच जाते, तिला धक्का लागला की असं होतं. आणि कानाची पाळी वरच्या बाजूनं बधिर. चष्म्याची काडी नीट बसली की नाही ते आरशात बघून ठरवायचं.

घरी बसल्या बसल्या आबांच्या गप्पा ऐकल्या, ते माझ्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या तरुणपणी मोंढ्यात भाव तोंडानं बोलतच नसत. रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकायचा, त्याखाली दोघांनी हात मिळवायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेतकरी बाजूला उभा, त्याला काही कळायचं नाही. त्यात लूट फार व्हायची म्हणून ती पद्धत कायद्यानं बंद केली, उघड बोली आली. चांगलंच झालं. पण माझ्यासारख्याला त्या रुमालाखाली नोकरी सोपी गेली असती हेही खरं.

१० जुलैला सकाळी सव्वासातला परत हादरलं, परत साडेचारचा. या वेळी आवाज मीही ऐकला, जाड, पोटात उतरणारा. डाव्या कानानं ऐकला की उजव्या, ते सांगता येणार नाही. पण बायकोच्या आधी दारात मी होतो.

पुढच्या ऑडिओग्रामवर डाव्या कानाची रेघ वर आलेली दिसली. उजव्यासाठी गोल, डाव्यासाठी फुली. आधी फुल्या पन्नास डेसिबलच्या आसपास लोंबत होत्या, आता जाड आवाजांच्या फुल्या पंचविसाला आल्या. चार हजारच्या जागी मात्र खड्डा तसाच. पडदा नवा मिळतो, शंखातल्या पेशी मिळत नाहीत. त्यामुळे आता डावीकडून कुणी हाक मारली तर मी डावीकडे वळतो, हे सुख मोठं आहे. तो 'सातशे' म्हणतो की 'आठशे', याची खात्री मात्र अजून विचारून करावी लागते.

हे विचारणंच जड जातं. ऑपरेशनपेक्षा जड. नजर कमी झाली की माणूस चष्मा लावतो आणि उलट शिकलेला दिसतो. कान कमी झाला की तो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. बहिऱ्याच्या गोष्टी सांगून हसणारी माणसं आंधळ्याच्या सांगत नाहीत. म्हणून आपल्याकडचा पुरुष कान गेला तरी सांगत नाही, मान हलवतो. हं, हं, बरोबर आहे. दोन-चार वेळा चुकीच्या जागी मान हलली की लोक म्हणतात, मुनीमजी लई माजलेत, नाहीतर म्हणतात, डोक्यानं गेले. दोन्ही चालतं, पण बहिरा म्हणून घेणं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल म्हणतो की जगात दीडशे कोटी लोकांचं ऐकणं कमी-जास्त गेलेलं आहे. आमच्या मोंढ्यात मला एक सापडेना.

दाजींनी सुचवलं, अपंगत्वाचा दाखला काढ, एसटीत सवलत मिळेल. चौकशी केली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकण्याचा हिशेब दोन्ही कानांचा धरतात. दोन्हीकडे साठ डेसिबलच्या पुढे गेलं पाहिजे, सत्तरला कर्णबधिर. एका कानाचं खातं तिथे उघडतच नाही. मला ते गैर वाटलं नाही. ज्याला दोन्ही कानांनी काहीच येत नाही त्याच्या रांगेत मी कशाला उभा राहू? पण दाखला नाही म्हणजे तोंडानं सांगण्याला पर्याय नाही.

मग सांगायला लागलो. "उजवीकडून बोला, डावा कान कामाचा नाही." बीटात मी आता ढिगाच्या डाव्या टोकाला उभा राहतो, म्हणजे सगळे व्यापारी उजवीकडे. पहिल्या आठवड्यात पोरांनी नकला केल्या, मग विसरले. चहावाला सगळ्यात लवकर शिकला, तो वळसा घालून येतो. त्यानंतर एकेक जण बाजूला घेऊन सांगू लागला. आमच्या हमालांपैकी एकाला लहानपणी कान फुटल्यापासून एका बाजूनं येत नाही. एका मोठ्या खरेदीदाराला गोळ्यांच्या गुणानं रातकिडे आहेत. सांगताना आवाज खाली घेतात, तोही नेमका डाव्या कानाशी.

पंगतीत मात्र अजून पंचाईत होते. गेल्या हंगामात पुतण्याचं लग्न होतं. फटाके नकोत एवढं मी भावाला मागितलं होतं, तो हो म्हणाला, आणि तरी दोन-चार वाजलेच. ते असो. जेवायला बसताना यजमानांनी मला व्याह्यांच्या उजव्या हाताला मानानं पाट मांडला. म्हणजे व्याही माझ्या डावीकडे. मी म्हणालो, मी या टोकाला बसतो. मांडवात एकदम शांतता. व्याही म्हटल्यावर पाट सोडून लांब जाणं म्हणजे काय समजायचं? त्यांच्याकडचा एक म्हातारा तर उठलाच. मी कानाला हात लावून दाखवलं आणि सगळं सांगितलं. व्याही ऐकत होते, मान हलवत होते, हं, हं. मला ती मान ओळखीची वाटली. सगळं आयुष्य त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेलं, मशीनच्या शेजारी. शेवटी त्यांच्या सुनेनं पुढे येऊन त्यांच्यासमोर, तोंडाकडे बघत, सावकाश सांगितलं. ते हसले. "मग शेजारी कशाला बसायलो आपण?" म्हणाले.

दोन्ही पाट समोरासमोर मांडले. वाढप्यांना मधून जायला अडचण झाली, त्यांनी ती बोलूनही दाखवली. बुंदी येईपर्यंत आमचं कापूस आणि हळद दोन्हींवर बोलणं झालं होतं, जरा मोठ्या आवाजात, आणि आजूबाजूच्या चार पाटांना व्याह्यांच्या जिनिंगवरचं कर्ज किती ते कळलं होतं.